अनंताचा दोरा आणि सतरा सप्टेंबर

भाद्रपद शुद्ध चतुर्दशीस अनंताची पूजा करून चौदा गाठींचा दोरा हातास बांधावयाचा, हा आमच्या धावड्याच्या घरचा पिढीजात कुळाचार. त्या निमित्ताने पुण्या-मुंबईकडे पांगलेली भावंडे, सुना, नातवंडे दोन दिवस का होईना, वाड्यात एकत्र येतात. २०२४ साली ही चतुर्दशी नेमकी १७ सप्टेंबरला आली. सकाळी शाळेच्या पटांगणातील झेंडावंदन पाहून परतलेला आमचा पुण्याचा नातू पाटावर बसता बसता विचारता झाला, "आजोबा, स्वातंत्र्यदिन तर मागच्याच महिन्यात झाला ना? मग आज पुन्हा झेंडा कशाला?"

पूजेत मध्येच बोलतो म्हणून सूनबाईंनी त्यास दटावले. आम्हांस मात्र प्रश्न आवडला. जेवणे आटोपल्यावर ओसरीवर सर्व मुलांना जवळ घेऊन आम्ही त्याचे उत्तर दिले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा सारा मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता. आमच्या भोकरदन तालुक्याच्या उत्तरेस बुलढाणा जिल्ह्याची हद्द लागते. त्या दिवशी हद्दीपलीकडे तिरंगा उघडपणे फडकत होता आणि अलीकडे तो हाती धरणाऱ्यास तुरुंगाची वाट होती. स्वामी रामानंद तीर्थ यांस त्याच दिवशी अटक झाली. ही हद्द नुसती नकाशावरची नव्हे. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली शिक्का. मध्ये करोडगिरीचे नाके. इकडे सरकारदरबारी उर्दू, आणि उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून. सभा भरवावयाची तर 'गश्ती निशाण ५३' अन्वये आधी सरकारची परवानगी. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर बंदी आली ती तिची रीतसर स्थापना होण्याच्याही आधी! आज ग्रामसभेत तावातावाने भांडणाऱ्यांस (त्यांत आम्हीही आलो) आपण कोणती दुर्लभ वस्तू खर्चीत आहोत याचे भानही नसते.

१९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीने सरहद्दीवरील अनेक कुटुंबांनी गाव सोडले, त्यांत आमचे आजोबाही होते. देवांचा संपुष्ट, चार भांडी आणि मुले बैलगाडीत घालून ते बुलढाण्याकडील आप्तांच्या आश्रयास गेले. जाताना वाड्याची किल्ली दिली ती शेजारच्या आत्तारचाचांच्या हाती. वडील तेव्हा अकरा वर्षांचे. त्या वर्षीचा गणपती परक्या घरी बसला. १३ सप्टेंबरला भारतीय सेना हैदराबाद संस्थानात शिरली, १५ तारखेस औरंगाबाद हाती आले, आणि १७ तारखेच्या संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. जुने पंचांग उघडून पाहावे. तीही अनंत चतुर्दशीच होती, वार शुक्रवार. वडील सांगत, रात्री कोणीतरी रेडिओवरची बातमी घेऊन धावत आले, तेव्हा आजी काही न बोलता उठली आणि विझलेले निरांजन तिने पुन्हा लावले.

अनंताच्या कथेतील कौंडिण्य आम्हांस फार ओळखीचा वाटतो. सुशीलेच्या हातचा दोरा त्याने अग्नीत टाकला तो वैभव आल्यावर. दारिद्र्यात टाकला नाही. हे सारे आपल्याच विद्येने मिळाले, असे त्याच्या मनाने घेतले होते.

येथवर मुले खुशीत होती. पुढचे सांगावे की नाही, असा क्षणभर विचार पडला. पण अर्धी कथा सांगणे हे शिक्षकाच्या व्रतास शोभणारे नव्हे. दिवाळीस आजोबा परतले, तो किल्ली पाटलांकडे आणि आत्तारचाचांच्या घरास कुलूप. सेना आल्यानंतर संस्थानात ठिकठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या अध्यक्षतेखाली त्याची पाहणी करविली, तो अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्धच झाला नाही. चाचाही भयाने बायकामुलांसह निघून गेले होते. मात्र जाण्यापूर्वी आमची किल्ली आठवणीने सुरक्षित हाती ठेवून गेले. वाड्यातले एक भांडेही हललेले नव्हते. आजोबांनी चार गावे पालथी घालून त्यांचा शोध घेतला, आणि पुढच्या वर्षी त्यांस परत आणले. आजोबांच्या तोंडून या गोष्टीचा उच्चार आम्ही कधी ऐकला नाही. सांगितली ती आजीने.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग चाचांचं घर आता कुठंय?"

दुपारच्या एसटीने आमची धाकटी लेक मुलांसह यावयाची होती आणि अनंताचे दोरे दोन कमी पडत होते. कुंकू, उदबत्ती आणि दोरे आमच्या घरी अजूनही एकाच दुकानातून येतात. आता गल्ल्यावर चाचांचा नातू बसतो. आम्ही मुलाच्या हाती पैसे ठेविले आणि त्यास तिकडेच पिटाळले.