सातपुड्याच्या कुशीत मुक्काम

खानदेशचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला रावेरहून पालकडे चढताना सागाच्या रानातून येणाऱ्या पहिल्या झुळुकीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. १९६९ साली संरक्षित झालेले, सुमारे १७७ चौरस किलोमीटरांचे यावल अभयारण्य याच इलाख्यात असून, सुकी नदीच्या काठी सायंकाळ घालवावी, हे सुख कोणत्याही थंड हवेच्या ठिकाणाहून मला अधिक वाटते. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचे अभयारण्यही आहे. आकाराने लहान, परंतु जलाशयाचे सान्निध्य लाभलेले. मात्र वनखात्याच्या परवान्यावाचून राहुटी ठोकू नये, आणि फाल्गुनात शेकोटीचा मोह कटाक्षाने टाळावा; कारण त्या दिवसांत सागाचे वाळलेले पान पायाखाली पापडासारखे मोडते व एका ठिणगीने अख्खी टेकडी पेटू शकते. शिदोरीला कळण्याची भाकरी आणि ठेचा असावा. बिस्किटांचे पुडे नेणाऱ्यांविषयी प्रस्तुत लेखकास काही म्हणावयाचे नाही.