मातीखाली दडलेले खोड

बटाटा, आले, हळद, सुरण जमिनीखाली वाढतात. त्यामुळे त्यांना मुळे समजण्याची चूक सर्रास होते. वनस्पतिशास्त्रानुसार ती खोडे आहेत. आल्यावरील पेरे आणि बटाट्यावरील डोळे, म्हणजेच कळ्या, हा त्याचा पुरावा. मुळांना पेरे नसतात. रताळे मात्र खरोखरच मूळ आहे.

अन्न साठवणे आणि प्रतिकूल काळ निभावणे, यासाठी खोडात हा बदल घडून आला. हळदीची पाने वाळून गेली, तरी मातीतील खोड साठवलेल्या अन्नावर तग धरते आणि मिरगाच्या पावसाबरोबर डोळ्यातून नवा कोंब फुटतो. म्हणूनच लागवडीसाठी आल्याचा तुकडा निवडताना त्यावर शाबूत डोळा असावा लागतो. डोळा नसलेल्या तुकड्यातून रोप उगवत नाही.

हे ज्ञान स्वयंपाकघरातही उपयोगी आहे. बटाटा खोडच असल्याने उजेडात हिरवा पडतो. हा रंग निरुपद्रवी हरितद्रव्याचा असला, तरी उजेडामुळे सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढते आणि ते शिजवूनही पुरते नष्ट होत नाही. त्यामुळे बटाटे अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावेत. हिरवा पडलेला, कडवट बटाटा टाकून द्यावा.