निळे-पांढरे मातीचे तारे

डिसेंबरच्या २५ तारखेला नाताळ येतो. ख्रिस्ती बंधूंचा हा मोठा सण. येशूचा जन्म झाला तेव्हा आकाशात एक तारा दिसला, अशी कथा आहे. म्हणून नाताळात दारावर तारा लावतात. घरात एक झाड उभे करतात आणि त्याच्या फांद्यांना लहान लहान शोभेच्या वस्तू टांगतात. अशा वस्तू शहरच्या बाजारात विकत मिळतात. पण त्या आपल्या गावातही करता येतात. त्याला काय लागते? कुंभाराची माती, चुना आणि कपड्याची नीळ. बस्स, एवढेच.

निळ्या-पांढऱ्या रंगाला मान कसा मिळाला, ते आधी पाहू. चीन देशात फार सुंदर चिनी मातीची भांडी होत. पांढऱ्या भांड्यावर निळी नक्षी असे. सुमारे साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी हॉलंडचे व्यापारी ती जहाजांतून युरोपात नेत. भांडी महाग होती. गरिबाला ती कुठून परवडणार? तेव्हा हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या कुंभारांनी युक्ती केली. त्यांनी आपलीच साधी माती भाजली, तिच्यावर पांढरा लेप दिला आणि वर निळी चित्रे काढली. आज डेल्फ्टचे नाव जगभर आहे.

साध्या मातीला शोभा आणणे आपल्या वर्धा जिल्ह्यालाही नवे नाही. सेवाग्रामला बापू-कुटी आहे. तिच्या मातीच्या भिंतीवर मीराबेनने मातीचीच उठावाची झाडे आणि चरखा काढला. त्याला रंगही लागला नाही.

आता तारे कसे करायचे, ते सांगतो.

माती: शेतातली काळी माती घेऊ नका. ती वाळताना तडकते. कुंभाराकडून मळलेली माती घ्या. तिची ज्वारीच्या भाकरीएवढी जाड पोळी लाटा. वाटीने गोल कापा, नाहीतर सुरीने तारा कापा. वस्तू तीन बोटे रुंद असावी. मोठी केली तर जड होते आणि फांदी वाकते. माती ओली आहे तोवरच वर काडीने भोक पाडा. वाळल्यावर माती आकसते आणि भोक लहान होते, म्हणून ते जरा मोठेच ठेवा.

वाळवण: सावलीत वाळवा. रोज एकदा उलटा. उन्हात ठेवले तर कडा वाकतात, चिरा पडतात. पुरते वाळले की कुंभाराच्या आव्यात भाजून घ्या. दिवाळीआधी कुंभार पणत्यांच्या कामात गुंतलेला असतो. म्हणून त्याला आधीच विचारून ठेवा. दिवाळी झाल्यावर त्याच्या मडक्यांबरोबर तुमचे तारेही भाजून निघतील.

पांढरा रंग: भिजवलेला, तयार चुना घ्या. कळीचा चुना घरी भिजवू नका. पाणी लागताच तो उकळतो आणि अंगावर उडतो. तयार चुना फडक्यातून गाळा. त्यात बाभळीच्या डिंकाचे थोडे पाणी घाला. चुना ताकासारखा पातळ असावा. तारा पाण्याने ओलसर करून त्याला चुन्याचे दोन हात द्या. पहिला वाळल्यावर दुसरा द्यायचा. दाट थर देऊ नका, त्याचे पोपडे निघतात. चुना हवेतला कर्बवायू घेतो आणि हळूहळू दगडासारखा घट्ट होतो. म्हणून घाई करू नये.

हे काम करताना लहान मुलांना दूर ठेवा. चुना डोळ्यात गेला तर डोळे चोळू नका. लगेच स्वच्छ पाण्याची धार धरा. बराच वेळ धुवा आणि दवाखान्यात जा.

निळा रंग: कपड्याची भुकटीची नीळ घ्या. पातळ नीळ नको, ती पसरते. ही भुकटी पूर्वी अफगाणिस्तानातल्या लाजवर्द नावाच्या दगडापासून करीत. ती फार महाग पडे. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये ती पांढरी माती, सोडा, गंधक आणि कोळसा यांपासून करण्याची रीत सापडली. तेव्हापासून हा रंग स्वस्त झाला. चुन्यावर तो टिकतो. मात्र आंबट लागले की उडतो. म्हणून लिंबू किंवा चिंच लावून तारे पुसू नका. मोरचूदही निळाच दिसतो, पण तो विषारी आहे. तो वापरू नका.

नीळ डिंकाच्या पाण्यात कालवा. बांबूची बारीक काडी टोकाशी ठेचली की कुंचला झाला. चित्र काय काढावे? रांगोळीचे ठिपके, कबूतर, ज्वारीचे कणीस. कापसाचे बोंड तर आपल्या जिल्ह्याची खूणच आहे. चित्र साधे ठेवा आणि पांढरी जागा भरपूर सोडा. तयार तारा पावसात किंवा दवात टांगू नका, रंग निघेल.

आता हिशोब. येथे बरेच लोक चुकतात. समजा, ५० तारे केले. माती, भाजणावळ, चुना, नीळ, दोरा मिळून २५० रुपये लागले. त्यातले १० तारे तडकले. उरले ४०. मग खर्च ५० ने नव्हे, ४० ने भागायचा. एका ताऱ्याला ६ रुपये २५ पैसे पडले. पण दोघीजणी दोन-दोन दिवस बसल्या, त्याचे काय? रोजाचे ३०० रुपये धरले तर चार रोजांचे १२०० झाले. म्हणजे एका ताऱ्यामागे ३० रुपये मजुरी. एकूण ३६ रुपये २५ पैसे. आता कोणी २० रुपयांना तारा मागितला, तर आपण दिवसभराचे कष्ट फुकट दिले असे होईल. घरच्या बाईचे काम म्हणून तिची मजुरी सोडू नका. ती वहीत लिहा.

एकदम शेकडो तारे करू नका. कर्ज काढून तर मुळीच करू नका. आधी दहा करा. डिसेंबरच्या आरंभी ते चर्चमधल्या मंडळींना आणि दुकानदारांना दाखवा. वर्ध्याहून नागपूर रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर आहे. तिथेही विचारून पाहा. मागणी आली तर पुढचे करा.

वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते ते उघडले. गावच्या हातांनी काय काय होऊ शकते, हे लोकांना दिसावे म्हणून ते उभे राहिले. वर्ध्याला गेलात तर जरूर पाहून या. माती आपली, हात आपले. त्या हातांचे मोलही आपणच ठरवायला शिकले पाहिजे.