प्रार्थनेची वाट कधी बदलावी?

मागच्या व्याख्यानात आपण युरोपातल्या मठजीवनाचा इतिहास पाहिला. त्यानंतर आलेल्या प्रश्नांपैकी एक आज घेऊ या. कॅथलिक चर्चमध्ये प्रार्थनेच्या इतक्या परंपरा आहेत, बेनेडिक्टाईन, फ्रान्सिस्कन, कार्मेलाईट, इग्नेशियन, आणि सगळ्या चर्चला मान्य. मग प्रपंचातल्या माणसाने यांतली कोणती धरायची? आणि धरलेली जमेनाशी झाली तर सोडायची का?

खरी अडचण दुसऱ्या भागात आहे. पहिला भाग त्या मानाने सोपा, तो आधी उरकू.

बेनेडिक्टची परंपरा सहाव्या शतकातली. तिचा आधार वाचन. बायबलमधला लहानसा उतारा घ्यायचा, सावकाश वाचायचा, एखादा शब्द मनात धरला गेला की तिथेच थांबायचं, त्या शब्दातूनच देवाशी बोलायचं. वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी नुसतं स्वस्थ राहणं, अशा चार पायऱ्या बाराव्या शतकात दुसरा गिगो या कार्थुसियन मठाधिपतीने मांडल्या. इग्नेशियस लोयोलाची रीत वेगळी. ‘आध्यात्मिक साधना’ या त्याच्या पुस्तिकेला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. तिच्यात शुभवर्तमानातला प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा असतो: रस्ता कसा आहे, गुहा केवढी आहे, कोण काय बोलतंय. कल्पना, बुद्धी, इच्छा सगळं कामाला लावायचं आणि अखेरीस आपल्या जगण्यात काय बदलायचं ते ठरवायचं. कार्मेलची दिशा जवळजवळ उलटी. जॉन ऑफ द क्रॉस सांगतो की कोणत्याही प्रतिमेत देव मावत नाही. म्हणून एका टप्प्यावर प्रतिमा मागे ठेवून प्रेमाने नुसतं त्याच्याकडे लक्ष लावून राहायचं.

आता कोणी म्हणेल, ज्याला चित्रं सुचतात त्याने इग्नेशियसकडे जावं, ज्याला शांतता आवडते त्याने कार्मेलकडे. स्वभावाप्रमाणे वाटप करून टाका. हे उत्तर अगदीच चुकीचं नाही, पण ते फार लवकर समाधान मानतं. इतिहासात या वाटा इतक्या सुट्या कधी नव्हत्याच, बरं का. इग्नेशियस 1521 मध्ये लढाईत पाय जायबंदी होऊन घरी पडला होता, तेव्हा त्याच्या हाती आलेलं ख्रिस्तचरित्र कार्थुसियन लुडॉल्फचं होतं. प्रसंग डोळ्यांपुढे आणण्याची रीत त्या पुस्तकातही आहे. आणि आविलाची तेरेजा, कार्मेलची थोर गुरू, तिला आतल्या एकाग्रतेची वाट दाखवली ती फ्रान्सिस्को दे ओसुना या फ्रान्सिस्कनच्या पुस्तकाने. पुढे तिने सल्ला घेतला तो जेझुइटांचा, डॉमिनिकनांचा, फ्रान्सिस्कनांचा. याच तेरेजेने आत्मचरित्रात लिहिलं आहे की तिला मनात चित्र उभं करणं जमत नसे, आणि तब्बल 18 वर्षं, कम्युनिअननंतरची वेळ सोडली तर, हातात पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं तिला धाडस होत नसे. पुष्कळदा पुस्तक नुसतं उघडलं की पुरे. पाण्याला भिणारा माणूस काठ धरून राहतो ना, तसं.

म्हणजे ज्याला जमत नाही तो प्रार्थनेला नालायक, असं काही नाही. आमच्या मते हे आधी मनात पक्कं व्हायला हवं, कारण वाट निवडताना निम्मी धांदल या अपराधी भावनेपायीच होते.

आता दुसरा भाग. महिनोन्‌महिने प्रार्थना कोरडी जाते. बदलायची का वाट? इथे दोन मोठी माणसं दोन वेगळी उत्तरं देताना दिसतात. इग्नेशियसचा नियम कडक आहे: मन उदास, कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. उलट तासभर बसायचं ठरवलं असेल तर थोडं जास्तच बसायचं. जॉन मात्र म्हणतो की एक कोरडेपणा असा असतो, ज्यात जुनी रीत ओढून धरणं हेच नुकसानीचं असतं. त्याने तीन खुणा दिल्या आहेत. पूर्वीसारखं मनन होत नाही आणि त्यात रस उरत नाही. दुसऱ्या कशातही मन गुंतवावंसं वाटत नाही. आणि देवाकडे प्रेमाने लक्ष देऊन एकटं, शांत बसावंसं वाटतं. तिन्ही एकत्र हव्यात. पहिली एकटीच असेल तर तो आळस किंवा मनाचं भरकटणं असू शकतं. पहिल्या दोनच असतील तर तो चक्क विषादाचा विकार असू शकतो. सोळाव्या शतकातल्या माणसाने हे लिहून ठेवलं आहे.

नीट पाहिलं तर दोघांत भांडण नाही. इग्नेशियस ज्याला अडवतो तो कंटाळून पळणारा माणूस आहे. जॉन ज्याला सोडवतो तो पोचल्यावरही चालतच राहणारा आहे. मग आपण यांतले कोणते, हे कसं ओळखायचं? प्रार्थना सोडून मन कुठे जायला पाहतं ते बघायचं. करमणुकीकडे, नव्या पुस्तकाकडे, आणखी एका शिबिराकडे जात असेल, तर जागा सोडू नये. नुसतं गप्प बसायला ओढत असेल, तर बसू द्यावं. स्वतः इग्नेशियसनेही सांगितलंय की हवं ते जिथे सापडतं तिथे थांबावं, पुढे जायची घाई करू नये.

अर्थात हे कळायला मार्गदर्शक लागतो, आणि मार्गदर्शकही चुकतात. तेरेजेचा एक जेझुइट धर्मगुरू होता, बाल्तासार आल्वारेझ. पुढे त्याचीच प्रार्थना शब्दांवाचून, प्रतिमांवाचून होऊ लागली. 1570 च्या दशकात त्याच्या वरिष्ठांनी त्याला संघाच्या ठरलेल्या रीतीकडे परत वळायला सांगितलं. गंमत अशी, की मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहावं, देवाला त्या माणसाशी थेट वागू द्यावं, ही सूचना त्याच संघाच्या संस्थापकाची!

आपल्या जवळचं उदाहरणही आहे. पुण्यात ‘साधना’ संस्था काढणारे अँथनी डिमेलो जेझुइटच. त्यांच्या 1978 च्या पुस्तकात श्वासाकडे, शरीराच्या जाणिवेकडे लक्ष देण्याचे अभ्यास आहेत. काहींना हे परकं वाटलं. पण श्वासागणिक एकेक शब्द, अशी प्रार्थनेची एक पद्धत इग्नेशियसच्या पुस्तिकेतच दिलेली आहे. नामस्मरण ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला ती लगेच कळते. व्हॅटिकनने 1998 मध्ये, डिमेलोंच्या निधनानंतर, त्यांच्या काही मतांवर आक्षेप घेतला. तो मुख्यतः देवाविषयीच्या आणि ख्रिस्ताविषयीच्या विधानांवर होता. रीत उसनी घेणं वेगळं आणि प्रार्थना कोणाला करतोय हेच बदलणं वेगळं, हा भेद कॅथलिक चर्चच्या दृष्टीने मोलाचा आहे.

राहता राहिली प्रापंचिकांच्या वेळेची गोष्ट. फ्रान्सिस द सेल्सने 1609 च्या पुस्तकात स्पष्ट म्हटलंय की बिशपने कार्थुसियनासारखं एकांतात राहायचं ठरवलं, किंवा कारागिराने दिवसभर चर्चमध्येच बसायचं, तर ते हास्यास्पद होईल. इग्नेशियसने तर कामात गढलेल्यांसाठी सोयच करून ठेवली: 30 दिवस घर सोडणं शक्य नसेल त्याने रोज दीड तास काढावा आणि तीच साधना घरी राहून महिनोन्‌महिने करावी. दीड तासही पुष्कळांना जड जाईल. त्यांनी बेनेडिक्टच्या वाटेने सकाळी दहा ओळी वाचाव्यात, अडेल तिथे थांबावं, आणि निदान वर्षभर दुसरीकडे बघू नये.