पहिला अनुयायीवर्ग

नव्या पेढीने समाजमाध्यमावर पान उघडल्यावर आरंभीचा अनुयायीवर्ग अनोळखी जनसमुदायात न शोधता आपल्याच खातेवहीतील गिऱ्हाइकांत शोधावा. कारण त्यांना पानाचे निमंत्रण व्हॉट्सॲपवरून धाडता येते; मात्र तेथील एका प्रसारण-यादीत 256 जणांपर्यंत तजवीज असली, तरी ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला असेल त्यालाच तो संदेश पोहोचतो, आणि ही अट, विक्रेत्यास कितीही जाचक वाटो, मला न्याय्यच वाटते. यास्तव पावतीवर क्यूआर कोड छापून क्रमांक जतन करण्याची विनंती जोडावी. विकतच्या अनुयायांचा मोह मात्र सर्वथा वर्ज्य: असे कृत्रिम अनुसरण हटविण्याचे इन्स्टाग्रामने नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर केले, आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2024 साली व्यापारी लाभासाठी बनावट अनुयायांची जाणूनबुजून केलेली खरेदी-विक्री नियमान्वये निषिद्ध ठरविली.