आधी कौलं, मग चुना

"आई, फ्रिजवरचा गणपती दे ना जरा!"

रविवारची दुपार होती. मी पोळ्या लाटत होते. अष्टविनायकाच्या यात्रेहून माझ्या आईने आणलेला लोहचुंबकाचा छोटा गणपती आमच्या फ्रिजवर वाण्याच्या याद्या सांभाळत असतो. त्याचं हिला काय काम पडलं म्हणून मी पिठाच्या हातानेच गॅरेजमध्ये गेले. लेक जमिनीवर उकिडवी बसली होती. आदल्या दिवशी ट्रकवर घालून आणलेल्या त्या लाल (खरं तर गुलाबी झालेल्या) गाडीच्या दाराला तिने गणपती लावला. चिकटला. पुढच्या चाकावर लावला. चिकटला. मग दाराखाली, मागच्या चाकाच्या अलीकडे लावला आणि हात सोडला. गणपती टप्पकन खाली!

"म्हणजे इथे पत्राच नाहीये," ती म्हणाली. "नुसती लांबी भरून वर रंग मारलाय."

देवाने कौल दिला, तो असा.

२०२२ सालच्या ऑक्टोबरमधली ही गोष्ट. आम्ही अमेरिकेत ओहायो राज्यात, क्लीव्हलंडजवळ राहतो. लेक तेव्हा वीस वर्षांची होती. मे महिन्यात इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष संपल्यावर घरी आली आणि "मी परत जाणार नाही" एवढंच बोलली. का, कशासाठी, पुढे काय, काही नाही. दार लावून बसायची. मी रागावून पाहिलं, रडून पाहिलं, तिच्या आवडीचा साबुदाण्याचा वडाही करून पाहिला. आणि चार महिन्यांनी हे भंगार दारात! सुट्ट्यांमध्ये किराणा दुकानात काम करून तिने ४,००० डॉलर साठवले होते. तेव्हाच्या भावाने सव्वातीन लाख रुपये. त्यातले १,९०० या गाडीत गेले.

"मुलीने शिक्षण सोडलं आणि गाडी घेतली, असं सांगू का लोकांना?" मी विचारलं.

"सांग की, जुनी घेतली," ती म्हणाली.

गाडी होती १९९० सालची माझदा मियाटा. दोन माणसांची, छप्पर मागे टाकता येणारी. हिरोशिमाच्या कंपनीने ती १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली. जपानात तिचं नाव युनोस रोडस्टर. इंजिन फक्त १.६ लिटरचं, ताकद ११६ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आत. ताकदीपेक्षा हलकेपणावर भर. "जिनबा इत्ताई", म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, ही तिच्यामागची कल्पना. २०१६ च्या एप्रिलमध्ये कंपनीने या जातीची दहा लाखावी गाडी बाहेर काढली. एवढ्या गाड्या रस्त्यावर असल्याने सुटे भाग मुबलक आणि स्वस्त मिळतात. म्हणूनच कमी पैशात जुनी जपानी स्पोर्ट्स कार उभी करायची हौस असलेले लोक हिच्याकडे वळतात. हे सगळं मला लेकीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. चार महिन्यांत एवढी वाक्यं ती एकदम कधी बोलली नव्हती. म्हणून मी ऐकत राहिले.

आता त्या निसटलेल्या गणपतीकडे येते. गाडीच्या दाराखाली पत्र्याची लांब पोकळ पेटी असते. आपण तिला उंबरठा म्हणू. छप्पर नसलेल्या गाडीचा बराचसा भार या दोन उंबरठ्यांवर असतो. मियाटाच्या कापडी छपरावरचं पावसाचं पाणी सीटांच्या मागे एका पन्हाळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे खाली पडतं. या नळ्यांत झाडाचा पाचोळा अडकला की पाणी तुंबतं, आत झिरपतं आणि उंबरठा आतून गंजायला लागतो. वरून रंग झकास दिसतो. त्यात ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं. आपल्याकडे मोरी तुंबली की पलीकडच्या खोलीची भिंत फुगते ना, तसंच हे. फुगलेली भिंत दिसते तोवर पाणी कधीचं मुरलेलं असतं.

स्वयंपाकघरात हिशेबाची माझी वही असते. लेकीने तिच्यातली मागची पानं मागून घेतली. उरलेल्या २,१०० डॉलरांत काय काय बसवायचं याची यादी केली. पहिला नंबर उंबरठ्यांचा, मग ब्रेक, टायर, इंजिन आणि शेवटी छप्पर. रंगाचा कॉलमच नव्हता.

मला ते काही केल्या पटेना. वाटलं, गाडी घेतलीच आहे तर निदान चारचौघांत दिसायला तरी बरी हवी. मी म्हटलं, "रंगाचे २,००० डॉलर मी देते. लाल चकचकीत करून घेऊ. आपल्या मंडळाच्या गणपतीला घेऊन जाता येईल."

"नको."

"अगं, उसने समज."

"आई, आत कुजलंय. वरून रंग देऊन काय करू?"

मी चिडले. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. आईचा चिपळूणजवळच्या गावाहून फोन आला, तेव्हा मी सगळं गाऱ्हाणं तिच्यापुढे घातलं. वाटलं, ती माझी बाजू घेईल. आई ऐंशीच्या पुढची, गाडीतलं तिला ओ की ठो कळत नाही. तिने विचारलं, "पाणी कुठून शिरतंय ते सापडलं का गो?" म्हटलं, सापडलंय. "मग पोर म्हणते तेच खरं. मे महिन्यात आपण आधी कौलं चाळून घेतो की भिंतींना चुना काढतो? आधी कौलं, मग चुना. पैसे उरले तर."

यावर काय बोलणार! वहीतल्या यादीवर मी मुकाट्याने 'पास' असं लिहिलं.

उंबरठे बदलायचे एका गॅरेजने २,४०० डॉलर सांगितले. म्हणजे तिथेच कारभार आटोपला होता. मग गावातले एक निवृत्त वेल्डर भेटले. ते म्हणाले, "आधीची आणि नंतरची मजुरी तुम्ही करा, मी फक्त वेल्डिंग करतो. ९०० द्या." नवे पत्रे २०० चे आले. आधीची मजुरी म्हणजे काय ते आम्हाला लवकरच कळलं. सीट, सीटबेल्ट, गालिचा सगळं बाहेर काढायचं, कारण वेल्डिंगच्या ठिणगीने आत आग लागू शकते. बॅटरी सोडवायची. पुढच्या पंख्याचे खालचे बोल्ट काढायचे. जुनी लांबी आणि गंज घासून चांगला पत्रा लागेपर्यंत जायचं. आणि एका वेळी एकच बाजू कापायची, नाहीतर गाडी वाकते आणि दारं लागत नाहीत.

गाडीखाली काम करायचं म्हणून मी एक अट घातली, आणि जुन्या गाडीच्या नादाला लागणाऱ्या प्रत्येक घराला ती सांगेन. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा शिरायचं नाही. खाली घोडे लावायचे, गाडी हलवून पाहायची आणि मगच आत जायचं. मी तर तिथे स्टूल टाकून बसायचेच. हातात टॉर्च. नवरा काही बोलला नाही. त्याने स्वतःची गाडी मात्र अख्खा हिवाळा बाहेर ठेवली आणि रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडत राहिला.

जानेवारीतल्या एका रात्री ती गाडीखाली घासत होती, मी टॉर्च धरला होता. मशीन थांबलं आणि गाडीखालूनच आवाज आला, "आई, मी पहिल्या वर्षीच दोन विषयांत नापास झाले होते."

मी टॉर्च हलू दिला नाही.

"दर रविवारी तू विचारायचीस ना, अभ्यास झाला का? मी हो म्हणायचे. मग दुसऱ्या वर्षी मी वर्गात जायचंच सोडलं."

मला खूप काही विचारायचं होतं. फी, खोटं बोलणं, सगळंच. पण तिचा चेहरा मला दिसत नव्हता आणि माझा तिला. बहुतेक म्हणूनच ती बोलू शकली होती. "जेवलीस का?" हेही मी दर रविवारी विचारायचे, त्यालाही ती हो म्हणायची. ते तरी खरं होतं का, एवढंच मी विचारलं. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग "नेहमी नाही," असं आलं.

त्या रात्री काम पुढे गेलं नाही. आम्ही दोघींनी रात्री अकराला खिचडी टाकली.

फेब्रुवारीत उंबरठे झाले. मग बाकीची कामं लेकीने एकेक करून उरकली. ब्रेकचे पॅड, डिस्क आणि रबरी नळ्या मिळून २२० डॉलर. चार टायर २८०. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि पाण्याचे होज १९०. हा बेल्ट साठ हजार मैलांनी बदलायचा असतो. या इंजिनात तो तुटला तरी आतलं काही मोडत नाही, पण गाडी भर रस्त्यात बंद पडते. रेडिएटर ११०, बॅटरी १४०, क्लचचा छोटा सिलिंडर २५. काच वरखाली करायचं हँडल आणि आतला दिवा भंगार यार्डात १४ डॉलरांत मिळाला. तिथे आपणच पाना घेऊन जायचं आणि भाग खोलून आणायचा. पुण्याचा जुना बाजार आठवला मला!

राहिलं छप्पर. कापड धड होतं, पण मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडून तडकली होती. नवं छप्पर चारशेच्या खाली नव्हतं आणि वहीत उरले होते २१. मी म्हटलं, "काढून आण ते टेबलावर." लग्नाआधी मी साड्यांना फॉल-पिको करून कॉलेजची फी भरली आहे, हे लेकीला माहीत नव्हतं. पारदर्शक जाड प्लास्टिक, जीन्सची अठरा नंबरची सुई आणि पॉलिस्टरचा दोरा. सुती दोरा उन्हापावसात कुजतो. टाका मोठा ठेवला. बारीक टाक्याने भोकंच भोकं पडतात आणि प्लास्टिक तिकिटासारखं फाटतं. मशीनच्या पायाला ते चिकटत होतं, म्हणून वर पातळ कागद ठेवून शिवलं आणि नंतर कागद फाडून काढला. दोन सुया मोडल्या, एक शिवण वाकडी झाली. खर्च ३८.

रंग? तेवीस डॉलरचं पॉलिश आणलं. या लाल रंगावर वरचा पारदर्शक थर नसतो, म्हणून तो उन्हाने गुलाबी पडतो. पण घासलं की खालचा लाल वर येतो. नवऱ्याची जुनी बनियनं घेऊन आम्ही तिघं घासत होतो. फडकी कुंकवासारखी लाल झाली. गाडी थोडी लाल, थोडी गुलाबी, उंबरठ्यांपाशी नुसता राखाडी प्रायमर. हिशेबाची बेरीज ४,०४०. चाळीस डॉलर वर गेले, ते मी दिले. तेवढे तिने घेतले.

२०२३ च्या मे महिन्यात ती मला पहिल्या फेरीला घेऊन गेली. ही गाडी इतकी बुटकी आहे की पंजाबी ड्रेस सावरत मी तिच्यात बसले नाही, उतरले. छप्पर मागे टाकलं. संध्याकाळ झाल्यावर तिने दिवे लावले. या गाडीचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर उघडतात. आमचा डावा डोळा उजव्याच्या मागून, आळस देत उघडतो. "त्याचं काय करायचं?" मी विचारलं. "चालतोय ना? मग राहू दे," ती म्हणाली.

ती इंजिनीअरिंगला परत गेली नाही. २०२४ च्या जानेवारीत तिने जवळच्या कॉलेजात यंत्रदुरुस्तीच्या दोन वर्षांच्या कोर्सला नाव घातलं. ते लोकांना सांगताना माझा आवाज अजून थोडा खाली जातो, हे कबूल करते. मंडळाच्या गणपतीला ती गाडी घेऊन गेली, तेव्हा एकीने विचारलंच, "अगंबाई, रंग नाही का दिलात?"

"कौलं चाळलीत," मी म्हटलं. तिला कळलं नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या लेकीला कळलं.

आता दर ऑक्टोबरला अंगणातल्या मेपलची पानं गळायला लागली की मी एक काम न चुकता करते. मऊ नायलॉनच्या दोरीने छपराच्या दोन्ही नळ्या साफ करते. तार नाही घालायची, तारेने आतली नळी फाटते. मग तांब्याभर पाणी पन्हाळीत ओतते आणि खाली वाकून बघत राहते. मागच्या चाकापुढे पाणी पडलं, की आत येऊन लेकीला फोन लावते. "जेवलीस का?" विचारते. आणि ती हो म्हणाली, की "काय जेवलीस?" हेही विचारते.