चोंदलेले नाक आणि मोकळा श्वास

माझ्या लातूरच्या जाऊबाई रात्री तोंड उघडे ठेवून झोपत. पहाटे उठल्या की घसा कोरडाठक, आधी तांब्याभर पाणी लागायचे. मुले त्यांच्या घोरण्याची नक्कल करीत आणि आम्हीही हसत असू. त्या म्हणायच्या, "माझं नाक लहानपणापासून असंच आहे. चालायचंच!"

दिवाळीला त्या आमच्याकडे नांदेडला आल्या होत्या. गॅसवरचे दूध करपले. वास बाहेरच्या खोलीत मला आला, पण शेगडीजवळ उभ्या असलेल्या जाऊबाईंना पत्ता नाही! माझ्या पोटात धस्स झाले. उद्या गॅस गळाला तर? त्याच आठवड्यात त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले.

डॉक्टरांनी दुर्बिणीने नाक तपासले आणि आतला पडदा वाकडा असल्याचे सांगितले. दोन नाकपुड्यांच्या मधली ही भिंत पुढे कूर्चेची आणि मागे हाडाची असते. आपण सर्रास म्हणतो, "नाकाचं हाड वाढलंय." खरे तर बहुतेक वेळा हाड वाढलेले नसते, पडदा एका बाजूला कललेला असतो. कुणाचा जन्मतः, तर कुणाचा लहानपणी पडल्यामुळे. थोडासा वाकडेपणा कितीतरी जणांत असतो आणि त्याचा काही त्रासही नसतो. तेव्हा पडदा वाकडा दिसला की लगेच ऑपरेशन, असे मुळीच नाही.

नाक चोंदण्याची कारणेही अनेक आहेत. धुळीची ॲलर्जी, सायनसची सूज, नाकातले मांसल कोंब, बाजूच्या भिंतींवरच्या उंचवट्यांची सूज. यातल्या बऱ्याच गोष्टी औषधाने आणि मिठाच्या पाण्याने नाक धुऊन आटोक्यात येतात. दुकानातून आणलेले नाक मोकळे करणारे थेंब मात्र आठवड्याच्या वर घालू नयेत. सवय लागली की नाक उलट जास्तच चोंदते.

औषधांनी भागले नाही आणि अडथळा पडद्याचाच असला, तर शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. ब्रिटनमध्ये अशा ३७८ रुग्णांची पाहणी झाली. काहींचे ऑपरेशन केले, बाकीच्यांना नाकात मारायचे औषधी फवारे दिले. सहा महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांना बराच अधिक आराम होता. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले.

जाऊबाईंची भीती वेगळीच होती. "चेहरा बिघडला तर? नथ कुठं घालू?" डॉक्टर हसले. ही शस्त्रक्रिया नाकपुडीच्या आतून करतात. बाहेर टाका नाही, व्रण नाही. आतले अस्तर उचलून वाकडा भाग सरळ करतात किंवा काढतात आणि अस्तर पुन्हा बसवतात. नाकाचा बाहेरचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया निराळी. चमकी मात्र आधी काढावी लागते आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच पुन्हा घालायची.

नाकाची शस्त्रक्रिया आपल्या मातीला नवी नाही, बरं का! टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतील कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले होते. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने छापली. नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून आत मऊ कापडाच्या पट्ट्या ठेवत, असेही त्यात आहे. सुश्रुतसंहितेत तर श्वासासाठी दोन नळ्या घालायला सांगितले आहे. नाक नुसते दिसायला नको, त्यातून श्वास चालला पाहिजे, हे तेव्हाही ठाऊक होते.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस नाकात बोळे असू शकतात. तेवढे दिवस तोंडानेच श्वास घ्यायचा, हे मनाशी धरून ठेवावे. पुढे दोन आठवडे नाक शिंकरायचे नाही, वाकून केर-फरशी नाही, जड हंडा-बादली नाही. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. उशी उंच घ्यावी. रक्त जास्त गेले किंवा ताप आला तर तडक डॉक्टर गाठावेत. पडद्याला भोक पडणे, जंतूंचा संसर्ग असे धोके थोडे असले तरी असतात. ते आधी विचारून घ्यावेत. वाढत्या वयाच्या मुलांत शक्यतो थांबतात.

खर्चाची चिंता असेल, तर नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहे. शासकीय योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे तिथेच विचारावे.

जाऊबाई आता तोंड मिटून झोपतात. मळणीच्या धुळीत शिंका अजून येतात, कारण ॲलर्जी काही ऑपरेशनने जात नाही. वासही पूर्ण परतेल, अशी हमी डॉक्टरांनी दिली नव्हती. पण परवा फोनवर म्हणाल्या, "अगं, आज हिंगाचा वास आला!"

मैत्रिणींनो, नवऱ्याला खोकला झाला तर आपण रात्री उठून काढा करतो. आपले नाक मात्र वीस वर्षे चोंदलेले चालते! पुढच्या खेपेला मुलांना दवाखान्यात न्याल, तेव्हा स्वतःचाही केसपेपर काढा.